दया कधी येणार?

रात्रीचे साडेआठ वाजले की आमच्या घरात मोठ्याने बोलायची सोय नाही. आई दूरदर्शन संचासमोर बसलेली असते. मागल्या वाडीत सुपारीची झाडे सळसळत असतात, खांदेरीच्या दीपगृहाचा झोत नारळांच्या शेंड्यांआडून दिसतो आणि लपतो, आणि बाहेरच्या खोलीतून गोकुळधामवाल्यांचे हसणे ऐकू येते. मी आत वह्या तपासत असलो की मालिका संपताना एक प्रश्न मनातल्या मनात म्हणून ठेवतो. कारण तो येणारच असतो. पण विचारते आई नव्हे, विचारतो मी. "काय ग, आली का दया?" आणि आई शांतपणे सांगते, "नाही रे. येईल."

ज्यांच्या घरी ही मालिका पाहत नाहीत अशी कुटुंबे थोडी असतील. पण असलीच तर त्यांच्यासाठी सांगतो. तारक मेहता हे गुजराती भाषेतले विनोदी लेखक. १९७१ साली 'चित्रलेखा' साप्ताहिकात त्यांनी एक सदर सुरू केले आणि ते कित्येक वर्षे चालवले. त्या सदरावरून २८ जुलै २००८ रोजी 'तारक मेहता का उल्टा चश्मा' ही हिंदी मालिका सुरू झाली. गोरेगावातली एक गृहनिर्माण संस्था, तिच्यात गुजराती, मराठी, पंजाबी, तमिळ, बंगाली अशी बिऱ्हाडे, आणि रोजचा काहीतरी घोळ. तिचे मराठी रूपही 'गोकुळधामची दुनियादारी' या नावाने दाखवले गेले. भागांची संख्या चार हजारांच्या वर गेली आहे. मी मास्तर माणूस, हिशेब केल्यावाचून राहवत नाही. एक भाग वीस मिनिटांचा धरला तरी ऐंशी हजार मिनिटे होतात. म्हणजे तेराशे तेहतीस तास. अन्नपाणी, झोप सोडून कोणी सलग पाहायला बसले तर पंचावन्न दिवस उठायला नको!

या कथेतली दया म्हणजे जेठालालची बायको. गरबा खेळणारी, भाबडी, आपल्याच सुरात बोलणारी. २०१७ सालापासून ती पडद्यावर नाही. ती भूमिका करणाऱ्या बाईंनी काम थांबवले. कथेत मात्र ती माहेरी अहमदाबादला गेली आहे आणि कधीतरी परत येणार आहे. मधूनमधून कथेत तिच्या येण्याची चाहूल लागते, घर सजते, जेठालाल नवा सदरा घालतो, आणि काही ना काही होऊन येणे लांबते.

आता मूळ प्रश्न. एखादी चांगली गोष्ट उतरणीला लागली की ती चालवणाऱ्याने थांबावे, हे त्याचे कर्तव्य आहे काय? की मालिकाच ती, न आवडली तर संच बंद करावा, एवढ्यावर विषय संपतो? दिवाळीत करंजी खाता खाता असला प्रश्न काढणे वाचकांना गंमतीचे वाटेल. मलाही पूर्वी वाटत असे. पण यंदा तो माझ्याच दारात येऊन उभा राहिला आहे. ते पुढे सांगतो.

प्रथम हे पाहिले पाहिजे की उतरण खरोखर आहे काय. कारण चाळिशी उलटलेल्या माणसाला सगळेच उतरणीला लागलेले दिसते. आंबा पूर्वीसारखा नाही, थंडी पूर्वीसारखी नाही, मुले तर नाहीतच नाहीत. म्हणून गेल्या मे महिन्यात मी एक प्रयोग केला. माझी भाची सुट्टीला आली होती. मालिका सुरू झाली तेव्हा ती जन्मलीही नव्हती, म्हणजे जुन्या दिवसांचा मोह तिला असण्याचा संभव नाही. तिला मी मोबाइलवर पहिल्या वर्षांतले चार भाग दाखवले आणि अलीकडचे चार. कोणते जुने, कोणते नवे, हे सांगितले नाही. जुन्या भागांना ती पोट धरून हसली. नव्या भागांतल्या दुसऱ्याला तिने विचारले, "मामा, हे लोक आता एकमेकांशी बोलत का नाहीत? आपल्याशीच का बोलतात?"

हे मला सुचले नव्हते. पण त्यानंतर भिडेकडे पाहिले आणि पोरीचे म्हणणे पटले. आत्माराम तुकाराम भिडे हा माझा जातभाई; म्हणजे मास्तर. सुरुवातीच्या भागांत तो शिकवण्या घेणारा, पै न् पै जपणारा, 'सखाराम' नावाची जुनी स्कूटर जिवापाड सांभाळणारा मराठी गृहस्थ होता. त्याची बायको लोणची-पापड करी, आणि त्या दोघांच्या काटकसरीत एक अभिमान होता. तो रागावे तेव्हा कशावर तरी रागावे. पुढे राग राहिला, कारण गेले. आपण सोसायटीचे एकमेव सेक्रेटरी आहोत, हे तो अजून सांगतो. पण पूर्वी ते शेजाऱ्याला सांगत असे, आता आपल्याला सांगतो, कारण आपण त्या वाक्याची वाट पाहत आहोत हे त्याला ठाऊक असते. माणसाची लकब उरावी आणि माणूस निघून जावा, तसे काहीसे झाले आहे.

हे वाचून वर्गातली मुले मला हसतील. मीही गेली वीस वर्षे अपूर्णांक शिकवताना नारळाच्या वडीचा तोच विनोद करतो. परंतु मास्तरचे एक भाग्य असते. त्याचे प्रेक्षक दर जूनला बदलतात! मालिकेचे प्रेक्षक तेच राहतात आणि म्हातारे होतात.

हे दुखणे आपल्याकडचेच नाही. अमेरिकेत 'द सिम्पसन्स' नावाची व्यंगचित्रांची विनोदी मालिका १७ डिसेंबर १९८९ रोजी सुरू झाली, ती अजून चालू आहे. साडेसातशेहून अधिक भाग झाले. चित्रातली माणसे असल्यामुळे तिथे कोणी मोठे होत नाही. बार्ट हा मुलगा दहा वर्षांचा होता, तो दहाच वर्षांचा आहे. आमच्याकडे टपूची भूमिका करणारा मुलगा मोठा झाला, बदलला, पुन्हा बदलला. तिथे ती अडचण नाही. (आपल्या गोकुळधामचीही २०२१ साली चित्रमालिका निघाली. तिच्यात दया आहे. चित्रातल्या बाईला कुठे जावे लागत नाही.) तर मग त्या मालिकेचा रंग उतरायला नको होता. पण पहिली आठ-दहा वर्षे सोन्याची आणि नंतर घसरण, असे तिचे भक्तच म्हणतात. १९९७ सालच्या एका भागावर पुष्कळ जण बोट ठेवतात. त्यात शाळेचे मुख्याध्यापक स्किनर हे मुळात स्किनर नव्हेतच, दुसऱ्याचे नाव घेऊन राहणारा कोणी तोतया आहे, असे निघाले. आणि भागाच्या शेवटी न्यायाधीशाने हुकूम केला, की हा विषय पुन्हा कोणी काढायचा नाही. त्या मुख्याध्यापकांना आवाज देणाऱ्या नटालाही ही गोष्ट रुचली नव्हती. आठ वर्षांत प्रेक्षकांनी ज्याच्यावर मन बसवले ते असे उधळून लावणे त्याला अन्याय्य वाटले.

मला यातून एक भेद दिसतो. थकणे वेगळे आणि फसवणे वेगळे. आमच्या कोळीवाड्यात १ जून ते ३१ जुलै होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात. मासळीलाही दोन महिने, जाळ्यालाही दोन महिने. रोजच्या मालिकेला असा पावसाळा नसतो. आठवड्याला पाच भाग धरले तरी वर्षाला अडीचशे गोष्टी होतात. त्या सगळ्या ताज्या निघाव्यात अशी अपेक्षा करणाऱ्याने एकदा स्वतः महिनाभर रोज एक विनोद लिहून पाहावा. तेव्हा थकण्याला क्षमा आहे. पण जुन्या विश्वासावर नवा हलका माल खपवणे, उद्या देतो म्हणून आज बसवून ठेवणे, याला तीच क्षमा लावता येत नाही.

हे मी आईला सांगितले. आई म्हणाली, "तुला कोण सांगतं हसायला? मी काय हसायला बघते?" मी विचारले, मग कशाला? ती म्हणाली, "घरात माणसं असल्यासारखी वाटतात. शेजारीण म्हातारी झाली, तेच तेच बोलते म्हणून काय दार लावून घेतो आपण?"

मला यावर उत्तर सुचेना, आणि आजही पुरते सुचलेले नाही. बालगंधर्व साठीच्या घरात असताना स्त्रीभूमिका करत, तेव्हा काही रसिक डोळे मिटून ऐकत बसत, असे जुनी माणसे सांगत. ते नाटक पाहायला गेले नव्हते. आपल्या माणसाकडे गेले होते. कलेच्या तराजूत हे बसत नाही, पण ते खोटेही नाही. तरीही आईच्याच शब्दांवरून मला पुढचे विचारावेसे वाटते. शेजारीण जर असेल, तर तिने रोज खोटी आशा दाखवू नये. परक्या दुकानदाराने उद्याचा वायदा केला तर आपण दुकान बदलतो. शेजाऱ्याने केला तर वाट पाहतो. म्हणजे जिथे जिव्हाळा जास्त, तिथे फसवणूक जास्त लागते. आई मात्र "येईल" एवढेच म्हणते, आणि ती खरोखर वाट पाहते की मला गप्प करण्यासाठी म्हणते, हे मला कळत नाही.

आता माझी गोष्ट. मी मुलांसाठी कादंबऱ्या लिहितो. माझा नायक खांदेरी-उंदेरीच्या परिसरात होडी हाकणारा एक कोळ्याचा पोर आहे. पहिली तीन पुस्तके मी रात्री जागून, कोणी मागितली नसताना लिहिली. ती मुलांना आवडली. पुढची तीन प्रकाशकांनी मागितली म्हणून लिहिली. तीही बरी आहेत. सातवे लिहिले त्या वर्षी घराचे छप्पर वादळात गेले होते. आठवे लिहिले तेव्हा मला फक्त एवढे ठाऊक होते, की पोराला भुयारात अडकवायचे आणि शेवटी भरती-ओहोटीचे गणित मांडून सोडवायचे. हेच मी पाचव्यात केले होते. पुस्तक खपले.

आमच्या शाळेतल्या सातवीतल्या एका मुलीने ते वाचून परत आणून दिले. आवडले का, म्हणून मी विचारले. तिने मान खाली घालून सांगितले, "सर, हा तो नाही वाटत. ह्याला भीती वाटत नाही."

आर्थर कॉनन डॉइल यांनी १८९३ साली शेरलॉक होम्सला कड्यावरून खाली ढकलले, कारण त्याचा त्यांना कंटाळा आला होता. वाचकांनी जीव नकोसा केला. अखेर १९०३ साली डॉइलनी त्याला जिवंत करून परत आणले. पुढे कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर एका नावाड्याने त्यांना ऐकवले, की कड्यावरून पडून होम्स मेला नसेल कदाचित, पण त्यानंतर तो पूर्वीचा माणूस राहिला नाही. हे डॉइलनी स्वतःच नमूद करून ठेवले आहे. मोठ्या लेखकाला नावाडी भेटला, मला सातवीतली मुलगी.

म्हणून मी आमच्या शेजारच्या नाखवांना विचारले, जुनी होडी पाण्यातून कायमची वर केव्हा काढायची, हे तुम्ही कसे ठरवता? त्यांनी सांगितले, की तळाच्या फळीत बोट रुतले की काढायची; त्यात विचार कसला, चार माणसांचा जीव असतो. मी म्हटले, आणि त्या चार माणसांचे पोट? ते म्हणाले, तेही तिच्यावरच असते, म्हणून तर बोट घालून बघायला कोणी वाकत नाही.

वाईट मालिकेने कोणी बुडत नाही, हे खरे. उलट तिच्यावर जगणारी माणसे मोठी असतात. दिवे लावणारे, रंग फासणारे, चहा आणणारे, सगळ्यांची घरे तिच्यावर चालतात. बिल वॉटरसन या अमेरिकन चित्रकाराने 'कॅल्विन अँड हॉब्ज' ही आपली चित्रमाला ऐन भरात, ३१ डिसेंबर १९९५ रोजी, दहा वर्षांनी थांबवली, याचे कौतुक मी पूर्वी फार करत असे. आजही करतो. पण तो एकटा चित्रे काढी आणि एकट्याने हात थांबवला. ज्याच्या हाताशी शंभर हात बांधलेले आहेत त्याला 'वॉटरसन व्हा' म्हणणे फार सोपे आहे. मला तसे म्हणवत नाही. परंतु माझ्या बाबतीत ही सबब लागू नाही. माझ्या होडीत मीच आहे, आणि छप्पर तर केव्हाच शाकारून झाले.

प्रकाशकांचे पत्र गणपतीच्या सुमारास आले. नववे पुस्तक मे महिन्यापर्यंत हवे आहे, भुयार असले तर उत्तम. नाही म्हणण्याचे पत्र मी दोनदा लिहिले आणि टाकले नाही, कारण तो पोर मला अजून आवडतो, आणि तो भ्यायला कुठे हरवला हे मला शोधून पाहायचे आहे. शोधणे हे कारण आहे की सबब, हे मला सांगता येणार नाही. आजवर सगळ्याच उतरणाऱ्या मालिकांच्या लेखकांना असेच वाटत आले असेल. सुट्टीत एक प्रकरण लिहिले आहे. त्यात भुयार नाही. पोराची होडी फुटली आहे आणि तो बापाला सांगायला घाबरतो. शाळा उघडली की ते प्रकरण सातवीतल्या त्या मुलीला द्यायचे आहे, आणि ती परत आणून देईपर्यंत पुढचे लिहायचे नाही असे ठरवले आहे.