पहिल्या चोरीचं देणं

दुकानात कोणी वस्तू उचलताना सापडलं की लोक विचारतात, याला शिक्षा काय? त्याआधी विचारायला हवं की याच्या अंगावर कोणाचं किती देणं आलं. देणी तीन असतात: दुकानदाराचं, सरकारचं आणि गावाचं. तिन्हींचे हक्कदार वेगळे, मापंही वेगळी. एकाने दुसऱ्याच्या वाट्याची वसुली सुरू केली की मूळ चोरी लहान वाटावी असा अन्याय होतो.

परळी तालुक्यातलं सिरसाळा घ्या. पूर्वी अशा गावांत किराणा घ्यायचा तर वस्तू मागायची आणि शेठने ती काढून द्यायची. आता रॅकवरून आपल्या हातानेच माल घ्यायची पद्धत मोठ्या खेड्यांपर्यंत पोचली आहे. समजा, तिथल्या अशा एखाद्या दुकानात कोणी २०० रुपयांची वस्तू खिशात घातली आणि दारातच सापडला.

दुकानदाराचं देणं सगळ्यात सोपं. वस्तू धड परत मिळाली तर त्याचं नुकसान जवळपास शून्य. फोडली, वापरली तर २०० रुपये. पण काही दुकानांत ‘चोरी केल्यास दहापट दंड’ अशी पाटी दिसते. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत किमतीखेरीज ठरावीक रक्कम दिवाणी मार्गाने मागायची सोय दुकानदाराला कायद्यानेच दिली आहे. आपल्याकडे तशी तरतूद नाही. दंड ठोठावणं हे न्यायालयाचं काम. पाटी टांगल्याने ते दुकानदाराकडे येत नाही. घरचे २,००० रुपये घेऊन येईपर्यंत त्याला मागच्या खोलीत कोंडून ठेवलं, तर तो दुकानदाराचा गुन्हा ठरतो. जबरदस्तीने घेतलेले पैसे परत करावे लागतात, हे १८७२ च्या करार कायद्यातच लिहिलेलं आहे. खासगी माणसाला ज्या गुन्ह्यात अटक करता येते, तिथेही आरोपीला विनाविलंब, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं.

सरकारचं देणं म्हणजे शिक्षा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३ प्रमाणे चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण माल ५,००० रुपयांहून कमी किमतीचा, दोषी ठरण्याची पहिलीच वेळ, आणि वस्तू किंवा किंमत परत केलेली, असं असेल तर शिक्षा समाजसेवेची, म्हणजे बिनमोबदला लोकोपयोगी कामाची. साध्या चोरीत मालकाला कायदेशीर तडजोडही करता येते. खरी मेख कलम ३०५ मध्ये आहे. माल ठेवायच्या इमारतीतली चोरी त्यात येते आणि तिथे कैद सात वर्षांपर्यंत. दुकान ही तशी इमारत धरली तर प्रकरण एकदम जड होतं. म्हणून ठाण्यात कोणतं कलम लागलं, हे घरच्यांनी आणि वकिलाने पहिल्यांदा पाहावं.

तरीही वाट बंद होत नाही. १९५८ चा परिवीक्षा कायदा साध्या चोरीत आणि इमारतीतल्या चोरीतही, आधीची शिक्षा नसेल तर, समज देऊन सोडायची मुभा न्यायालयाला देतो. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावरही सोडता येतं, आणि सोडताना वाजवी भरपाई द्यायला सांगता येते. अशा सुटकेनंतर, दोषी ठरल्यामुळे कायद्याने येणारी अपात्रता त्या माणसाला चिकटत नाही. म्हणजे भरपाई आणि शिक्षा ही दोन्ही देणी न्यायालय मोजून फेडून घेतं आणि खातं बंद करतं.

गावाच्या देण्याला मात्र खातंच नाही. सीसीटीव्हीतला तुकडा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला की २०० रुपयांची वसुली वर्षानुवर्षं चालते: सोयरिकीत, नोकरीत, बहिणीच्या लग्नात. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले आणि पोरं आजीजवळ राहिलेली, ही बीडकडची नेहमीची स्थिती. अशा घरातल्या पोराचा व्हिडिओ फिरला तर त्याच्या बाजूने बोलायलाही कोणी जागेवर नसतं. अठरा वर्षांखालच्या मुलाची ओळख उघड करणं हा २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली गुन्हा आहे. त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं, चावडीवर नाही. मोठ्या माणसाचा व्हिडिओ फिरवणाऱ्यावरही बदनामीचा दावा होऊ शकतो.

दुकानदाराने वस्तू किंवा तिची किंमत घ्यावी, पैसे घेतले तर पावती द्यावी. तेवढ्यावर समाधान नसेल तर सरळ ठाण्यात तक्रार द्यावी. घरच्यांनी दहापट दंड निमूट भरू नये आणि चुकीवर पांघरूणही घालू नये; किंमत चुकती करून पुरावा जपावा. बाकीच्यांनी हातातला व्हिडिओ पुढे पाठवू नये. पहिल्या चुकीचं देणं एकदाच फेडायचं असतं.