डावी खुर्ची

माझ्या भाच्याच्या खांद्यावर तीन पट्ट्या आहेत. चौथी आली की तो कॅप्टन होईल आणि कॉकपिटमधली उजवी खुर्ची सोडून डाव्या खुर्चीत बसेल. गेली चार वर्षं तो एका छोट्या प्रादेशिक विमान कंपनीत एटीआर-७२ उडवतो. बाहेर पंखे दिसणारं, सत्तरेक प्रवाशांचं हे विमान. यंदा गणपतीला तो आला तो एका मोठ्या कंपनीचं बोलावणं घेऊनच. एअरबस ए-३२० सारखं जेट, पगार जवळजवळ दीडपट, पण पद पुन्हा को-पायलटचंच. रात्रीची आरती झाली, पाहुणे पांगले, तेव्हा तो माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "मामा, तू तीस वर्षं बँकेत लोकांची कर्जप्रकरणं तपासलीस. आता माझं एक प्रकरण तपास."

घरात बाकी सगळ्यांचं उत्तर तयार होतं. ताईचं म्हणणं, छोट्या कंपन्या बुडतात, तू मोठ्या सावलीत जा. भावजींना कर्जाची काळजी. ती रास्त आहे. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास उडावं लागतं, त्यावर टाइप रेटिंग, म्हणजे अमुक एक विमान चालवण्याचं वेगळं प्रशिक्षण. या खर्चासाठी ताईने नाशिकजवळची जागा विकली आणि वर शैक्षणिक कर्ज काढलं. त्याचे हप्ते अजून चालू आहेत. दीडपट पगार म्हटल्यावर आई-वडिलांचे डोळे त्या आकड्यावर खिळले तर त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

पण बँकेत मला एक सवय लागली होती. कर्ज मागायला आलेला माणूस यंदाचा नफा सांगू लागला की मी आधी ताळेबंद मागायचो. नफा एका वर्षाचा असतो, ताळेबंदात आजवरचं सगळं येतं. भाच्याला म्हटलं, पगाराचं नंतर बघू. तुझी वही आण.

वही म्हणजे लॉगबुक. जाड पुठ्ठ्याचं, आडव्या पानांचं. हल्ली उड्डाणांचे तास डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक संचालनालयाच्या, ई-जीसीए पोर्टलवर भरावे लागतात, तरी त्याने कागदी वही सोडलेली नाही. तारीख, व्हीटीने सुरू होणारी विमानाची अक्षरं, कुठून, कुठे, दिवसाचे तास, रात्रीचे तास. एकेका तारखेखाली चार ओळी, कधी सहाही. प्रत्येक ओळ तासाभराची. जेटवाला मुंबईहून दिल्लीला एकदा जाऊन येतो तेवढ्या वेळात हा चार वेळा चढतो नि चार वेळा उतरतो. जुलैतल्या एका ओळीवर मी बोट ठेवलं, कारण तिथे वेळ नेहमीपेक्षा पाऊण तास जास्त होती. "डोंगराजवळचं विमानतळ," तो म्हणाला. "ढग अगदी खाली आले होते. पहिल्यांदा धावपट्टी दिसलीच नाही, कॅप्टनने गो-अराउंड केलं, म्हणजे न उतरता विमान पुन्हा वर घेतलं. मग घिरट्या घालत थांबलो. दुसऱ्यांदा पट्टी दिसली, पण वारा आडवा. विमान तिरकं ठेवूनच आणलं त्यांनी आणि चाकं टेकायच्या आत पायाने नाक सरळ केलं. मी आकडे पुकारत होतो." हे सांगताना टेबलाखाली त्याचा उजवा पाय पुढे सरकला होता.

मग त्याने मला एक रकाना दाखवला. को-पायलटच्या रकान्यात आजवर १,९०० तास जमले आहेत. विमानाची पूर्ण जबाबदारी घेऊन केलेले, ज्यांना हे लोक पी-वन म्हणतात ते तास मात्र शिकाऊ काळातल्या छोट्या सेसनावरच थांबले आहेत. एटीआरच्या पानांवर तो रकाना कोराच. आणि आताच्या कंपनीने कमांडच्या, म्हणजे कॅप्टनपदाच्या, पुढच्या तुकडीत त्याचं नाव घातलेलं आहे.

माझ्या मते हे सगळं प्रकरण त्या कोऱ्या रकान्याचं आहे. वैमानिक कंपनी बदलतो तेव्हा उडलेले तास त्याच्याबरोबर जातात. ज्येष्ठता जात नाही. नव्या ठिकाणी तो रांगेच्या शेवटी उभा राहतो, मग त्याने आधी कितीही पावसाळे काढलेले असोत. कुठला तळ मिळेल, दिवाळीत रजा मिळेल का, डाव्या खुर्चीची पाळी कधी येईल, हे पुष्कळसं त्या रांगेतल्या जागेवर ठरतं. जेटचा अनुभव मोलाचा आहे, यात शंका नाही. पुढे आखातात किंवा आणखी कुठे जायचं ठरलं तर तो विचारला जातो. पण जेटच्या उजव्या खुर्चीतले तास उद्याही मिळतील. हातातोंडाशी आलेली कमांड सोडून गेलं तर ती पुन्हा कधी येईल, हे नेमणूकपत्रात कुणी लिहून देत नाही. भाच्याच्या हातातलं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात पगाराचे सहा भाग होते. कॅप्टनपदाबद्दल एकच वाक्य होतं, 'कंपनीच्या गरजेनुसार'.

इथे एक नियम आडवा येतो आणि तो बाहेरच्या लोकांना बहुधा ठाऊक नसतो. २०१७ मध्ये डीजीसीएने ठरवलं की राजीनामा दिल्यावर को-पायलटने सहा महिने आणि कॅप्टनने एक वर्ष काम केलं पाहिजे. म्हणजे चौथी पट्टी लागली त्या दिवसापासून बाहेरचा दरवाजा दुप्पट जड होतो. शिवाय कमांडच्या प्रशिक्षणापोटी कंपनी नवा बाँड लिहून घेते तो वेगळाच. वैमानिकांच्या संघटना या नियमाविरुद्ध न्यायालयात गेल्या, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. पगारदार माणसाला एक वर्ष अडवून ठेवणं हे फार झालं. पण नोटीस न देता निघून जाणं मला त्याहून मंजूर नाही. २०२३ मध्ये अकासा एअरचे ४३ वैमानिक मुदत न पाळता गेले. कंपनीला उड्डाणं रद्द करावी लागली, प्रकरण कोर्टात गेलं. त्या भांडणाशी काडीचा संबंध नसलेले, महिनाभर आधी तिकीट काढलेले लोक विमानतळावर ताटकळले. कुणी परीक्षेला निघालं असेल, कुणी इस्पितळात. भाच्याला मी सांगितलं, कधीही जा, पण मुदतीचा शेवटचा दिवस भरून जा.

आता ताईच्या भीतीकडे येतो. छोटी कंपनी बुडेल का? तिला ट्रूजेट आठवत होती, आणि बरोबर आठवत होती. २७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधानांनी सिमल्यातून लहान शहरांना विमानाने जोडणाऱ्या 'उडान' योजनेचा आरंभ केला, त्याच दिवशी ट्रूजेटचं हैदराबाद-नांदेड विमानही सुरू झालं. नांदेडकरांना केवढं अप्रूप होतं त्याचं! फेब्रुवारी २०२२ मध्ये ट्रूजेट बंद पडली. पण मोठ्या तरी कुठे टिकल्या? किंगफिशर २०१२ मध्ये जमिनीवर आली. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला निघालं. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली. कंपनी किती मोठी आहे यावर भरवसा ठेवायची सोय या धंद्यात नाही.

बुडणाऱ्या धंद्याची चाहूल मात्र आधी लागते, हे मी बँकेत पुन्हापुन्हा पाहिलं. पगार एक तारखेचा सात तारखेला होतो, मग पंधराला. पीएफ कापला जातो पण भरला जात नाही. इंधन देणारे उधारी बंद करून रोख मागतात. उभ्या विमानाचे सुटे भाग काढून उडत्या विमानाला लावले जातात. भाच्याने तिथल्या तिथे मोबाइलवर पीएफचं पासबुक उघडलं. चार वर्षांत एकही महिना चुकलेला नव्हता. दर सहा महिन्यांची सिम्युलेटरवरची तपासणीही वेळेवर झालेली. एक विमान सुट्या भागांसाठी दीड महिना उभं होतं, ते पुन्हा उडू लागलं. कुठल्याही कर्जदाराच्या कागदांत मी एवढं पाहिलं असतं तर 'सध्या ठीक, लक्ष ठेवावे' असा शेरा मारला असता. तोच इथेही मारला.

मोठ्या कंपनीच्या पत्राकडेही त्याच नजरेने बघावं लागतं. २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन होण्याच्या तोंडावर विस्तारा कंपनीच्या वैमानिकांपुढे नवी पगाररचना आली. हमीच्या पगाराचे तास ७० वरून ४० वर. मार्च-एप्रिलमध्ये अनेकांनी आजारपणाची रजा टाकली आणि उड्डाणं कोलमडली. डिसेंबर २०२५ तर सगळ्यांच्या लक्षात आहे. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर नेणारा आणि रात्रीच्या लँडिंगवर कडक मर्यादा घालणारा नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाला होता. तरी तो पूर्ण लागू होताच इंडिगोला माणसं पुरेनात आणि एकेका दिवशी शेकडो विमानं रद्द झाली. देशातली सर्वांत मोठी कंपनी ती. भाच्याचे दोन मित्र तिथे आहेत. तो आठवडा कसा गेला ते त्यांनी त्याला सांगितलं होतं, आणि त्याने मला.

झोपेचा मुद्दा मी मुद्दाम लावून धरला. नव्या नोकरीत त्याला दिल्लीचा तळ मिळणार. बायकोची नोकरी ठाण्यात. म्हणजे सुट्टी लागली की जागा मिळेल त्या विमानाने मुंबईला यायचं आणि ड्यूटीच्या आदल्या रात्री परत जायचं. वैमानिकांत हे सर्रास चालतं. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान कोसळून ५० माणसं गेली. तीही प्रादेशिक कंपनी, तेही पंख्याचं विमान. वैमानिकाने आणीबाणीच्या इशाऱ्याला चुकीचा प्रतिसाद दिला हे मुख्य कारण. पण तपासात हेही पुढे आलं की त्या विमानातली तरुण को-पायलट आदली रात्र विमानात काढून सिअ‍ॅटलहून देशाच्या दुसऱ्या टोकाला कामावर आली होती. तिच्या तुटपुंज्या पगाराची तेव्हा अमेरिकेत जाहीर चर्चा झाली. तेव्हापासून कुणी वैमानिक नोकरी बदलायचं म्हणाला की मी आधी विचारतो, तू झोपणार कुठे? मागे सत्तर किंवा एकशे ऐंशी माणसं बसलेली असतात, त्यांचाही या उत्तराशी संबंध आहे.

आणि आता ज्या गोष्टीने मला राग आला ती. भाच्याने कंपनीत चाचपणी केली तेव्हा एका वरिष्ठांनी त्याला सांगितलं, तुमच्यासारखे गेले तर त्या लहान गावांची विमानं बंद पडतील, विचार करा. तो खरोखर विचारात पडला होता. त्याला एका गावातले डॉक्टर आठवत होते. दर मंगळवारी येणारे, उतरताना कॉकपिटच्या दाराशी थांबून नमस्कार करणारे.

हा भार त्याच्या खांद्यावर टाकणं अन्याय आहे. उडानमध्ये सरकार एखाद्या मार्गाचा तोटा साधारण तीन वर्षं भरून देतं. पुढे मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहावा ही अपेक्षा. काय झालं ते २०२३ च्या कॅगच्या अहवालात आहे. ७७४ मार्ग दिले गेले, त्यांतले ४०३ सुरूच होऊ शकले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली आणि त्यानंतर, मार्च २०२३ पर्यंत, चालू राहिले ते फक्त ५४. हे मार्ग कुणा तिशीतल्या वैमानिकाने राजीनामा दिला म्हणून बंद पडले नाहीत. प्रवासी पुरेसे नव्हते, विमानं अपुरी होती, काही ठिकाणी धावपट्टी तयार नव्हती आणि तीन वर्षांनंतरचा विचार कुणी केलेला नव्हता. एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीला मुंबईचं विमान आलं, जूनमध्ये सोलापूरला गोव्याचं. ती टिकावीत असं मलाही मनापासून वाटतं. एसटीचा तोटा आपण समाज म्हणून सोसतो, कारण गाव तुटू नये. विमानाबाबत तसं ठरवायचं असेल तर सरकारने उघडपणे ठरवावं आणि तीन वर्षांनी हात झटकू नयेत. ताईने विकलेल्या जागेवर आणि भाच्याच्या भावनांवर गावांचं विमान चालवू नये.

म्हणून माझ्या निकालात गावांची भीड नाही आणि पगाराची भुरळही नाही. मंजुरीचं टिपण लिहावं तसं मी एका कागदावर लिहून दिलं. थांब. कमांड घे. एटीआरच्या डाव्या खुर्चीत निदान ५०० तास काढ, एक पावसाळा स्वतःच्या निर्णयावर पार कर. बाँडचा कागद सही करण्याआधी मला दाखव. पगार लागोपाठ दोन महिने लांबला, पीएफ थकला किंवा सिम्युलेटरची तारीख पैशाअभावी पुढे गेली, तर त्याच दिवशी राजीनामा दे, कुणाचीही समजूत काढत बसू नकोस. आणि पाचशे तासांनंतर जेटवर जायचं वाटलं तर निःशंक जा. तेव्हा तुझी वही वेगळी असेल.

ताईला हे लगेच पटलं नाही. दीडपट पगार दोन वर्षं सोडायचा म्हणजे हप्ते दोन वर्षं लांबणार, आणि ते तिच्या साठीत जाणार. मी तिला तो आकडा लपवला नाही, रुपयांत मांडून दाखवला. ती बराच वेळ वही चाळत राहिली. मग जुलैतल्या त्या पानाशी थांबली आणि मुलाला म्हणाली, "विमान कॅप्टननेच उतरवलं ना? मग तू हो आधी."

दुसऱ्या दिवशी त्याने मोठ्या कंपनीला नकार कळवला. त्याच्या कमांडचं सिम्युलेटर प्रशिक्षण २४ नोव्हेंबरला सुरू होत आहे.