घर्षण आणि स्नेह

घर्षण हा शब्द आपल्या व्यवहारांत बहुधा निंदेच्या अर्थानेंच येतो. दोन भावांत घर्षण झालें, मंडळाच्या सभासदांत घर्षण आहे, असें आपण म्हणतों तेव्हां तें नसतें तर सर्व सुरळीत चाललें असतें, असा आपला भाव असतो. ज्या सभेंत कोणी हरकत घेतली नाहीं ती सभा उत्तम, ज्या घरांत कोणी उलट बोलत नाहीं तें घर सुखी, आणि ज्याचें कोणाशींच वांकडें नाहीं तो मनुष्य सज्जन, हें समीकरण आपण फारशी पारख न करतां स्वीकारलेलें आहे. तें कितपत खरें आहे, याचा थोडा विचार करावयाचा आहे.

मी नीतिशास्त्राचा अध्यापक. पदार्थविज्ञानाशीं माझा संबंध कॉलेजच्या पहिल्या दोन वर्षांपुरताच. त्यामुळें घर्षण हें गतीच्या विरुद्ध असतें, एवढेंच सूत्र माझ्या डोक्यांत कित्येक वर्षें घर करून होतें. तें अपुरें आहे. घर्षण विरोध करतें तें गतीला नव्हे. एकमेकांस टेकलेले दोन पृष्ठभाग परस्परांवरून घसरूं पाहतात, त्या घसरण्याला. आपण चालतों तेव्हां पाऊल जमिनीला मागें रेटतें. तें मागें घसरूं नये म्हणून जमीन त्याला पुढें ढकलते, आणि त्या ढकलण्यानेंच आपण पुढें जातों. म्हणजे चालणाऱ्याच्या पायाखालीं घर्षणाची दिशा ही त्याच्या प्रवासाचीच दिशा असते. श्रावणांत शेवाळलेल्या पायरीवर ज्याचा पाय एकदां पडला आहे, त्याला हें निराळें समजावून सांगावयास नको. भिंतींतला खिळा, दोरीची गांठ, अंगावरचें विणलेलें कापड, हीं सर्व घर्षणाच्याच आधारावर टिकून आहेत.

फ्रान्समध्यें आमोंतों यानें १६९९ सालीं, व पुढें अधिक कसोशीनें कूलोम यानें १७८५ सालीं, घर्षणाचे जे नियम मांडले त्यांतील एक असा, कीं पृष्ठभागांवरील भार जितका मोठा, तितकें घर्षण अधिक. दुसरीही एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. स्थिर वस्तूचें घर्षण स्वतः होऊन कोणाला ढकलीत नाहीं. जेवढा रेटा तेवढाच विरोध. रेटा थांबला कीं विरोधही संपला. मात्र त्याला मर्यादा आहे. ती ओलांडली कीं वस्तु निसटते, आणि एकदां निसटूं लागली म्हणजे तिला अडविणारें घर्षण बहुधा पूर्वींपेक्षां कमीच असतें.

हे नियम मला पुस्तकांतून कळले. त्यांचा अर्थ कळला तो एका प्रसंगानें. आमच्या विभागांत पुष्कळ वर्षें एक वडीलधारे सहकारी होते. किरकोळ बाबतींत ते अगदीं मवाळ. परंतु कोणाचें वर्ष पणाला लागलें आहे असें दिसतांच ते हटकून हरकत काढीत. "उत्तरपत्रिका आणा, आपण पुन्हा पाहूं," हें त्यांचें ठरलेलें वाक्य. चार वाजतां संपावयाची निकालाची बैठक दिवेलागणीपर्यंत लांबे. ते निवृत्त झाले तेव्हां गौरवाचें भाषण मींच केलें, आणि मनापासून केलें. पण मनाच्या एका कोपऱ्यांत सुटकेचा निःश्वासही होता, हें कबूल केलें पाहिजे.

त्यानंतरची पहिली बैठक वीस मिनिटांत आटोपली. आम्हीं एकमेकांचें अभिनंदनही केलें. त्या निकालांत एका विद्यार्थिनीच्या पुरवणीचे गुण बेरजेंत धरलेच गेले नव्हते. ती अनुत्तीर्ण ठरली. कागदावर सही माझी होती. चूक उघडकीस आली तेव्हां वर्ष उलटून गेलें होतें, आणि वडिलांनीं तिचें शिक्षण थांबविलें होतें. आम्हीं निकाल दुरुस्त केला. ती परत आली नाहीं. त्या बैठकींत कोणीही वाईट हेतूनें वागलें नव्हतें. आम्ही फक्त घसरलों होतों. इतकीं वर्षें त्या गृहस्थांनीं अडविलें होतें तें आमचें चालणें नव्हे, आमचें घसरणें.

येथें कोणी म्हणेल, तर मग भांडखोरपणा हाच सद्गुण ठरला! तसें नाहीं. घर्षणानें उष्णता उत्पन्न होते, झीज होते, आणि ती दोन्हीं बाजूंची होते. प्रवासी मोटारींत जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकीं सुमारें एकतृतीयांश घर्षणावर मात करण्यांतच जाते, असा अंदाज २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत मांडला आहे. माणसांच्या संसारांतला हिशेब कोणी केला नसला, तरी तो याहून फार कमी भरेल असें मला वाटत नाहीं. म्हणून घर्षण हवें कीं नको, हा प्रश्नच चुकीचा आहे. तें कोठें हवें, हा खरा प्रश्न.

त्याचें उत्तर बैलगाडीच्या गाडीवानाला ठाऊक असतें. तो आंसाला वंगण घालतो. तेंच वंगण चाकाच्या लोखंडी धांवेला फांशीत नाहीं. चाक एकच, पण जेथें तें आपल्याच गाडीच्या अंगावर फिरतें तेथें तेल हवें, आणि जेथें जमिनीला टेकतें तेथें पकड हवी. तेलाला आणि प्रेमाला संस्कृतांत 'स्नेह' हा एकच शब्द असावा, हें मला फार अर्थपूर्ण वाटतें. बोलण्याची रीत, जेवणाची वेळ, एकमेकांच्या लहानसहान संवयी, येथें स्नेह पाहिजे. परंतु आपलें वागणें जेथें दुसऱ्याच्या नशिबाला टेकतें, तेथें हरकत घेणारा कोणी तरी पाहिजे. आपण नेमकें उलट करतों. चहांत साखर कमी पडली म्हणून घरांत खडाजंगी होते. आणि मुलीला पुढें शिकवावयाचें नाहीं, हा निर्णय एकही शब्द न उमटतां, सर्वांच्या संमतीनें होऊन जातो.

जर्मन तत्त्वज्ञ कांट यानें १७८१ सालच्या आपल्या ग्रंथांत एका कबुतराचा दृष्टांत दिला आहे. हवेचा विरोध जाणवून त्या पक्ष्याला वाटतें, कीं निर्वात पोकळींत आपण याहून सहज उडूं! कांटचा रोख प्लेटोवर होता. पण निर्विरोध घराचें स्वप्न पाहणाऱ्या प्रत्येक कर्त्या पुरुषालाही तो दृष्टांत लागू पडतो.

पूर्वीं घरोघरीं जातीं होतीं. दळून दळून त्यांच्या तळ्या गुळगुळीत झाल्या, कीं दळण नीट होत नसे. मग टाकी लावणाऱ्याला बोलावून त्या पुन्हा खडबडीत करून घ्याव्या लागत. ओरखडे आपोआप टिकत नाहींत. आतां आमच्या निकालाच्या बैठकींत पाळीपाळीनें एकाकडे हरकती काढण्याचें काम सोंपविलेलें असतें, आणि बैठक पुन्हा दिवेलागणीपर्यंत चालते.

ही सर्व हकीकत मीं त्या जुन्या सहकाऱ्यांच्या घरीं जाऊन सांगितली. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "मी असतों तरी तें माझ्या नजरेंतून सुटलें असतें, कोण जाणे. पण तुम्ही वीस मिनिटांत उठलां नसतां." एवढें बोलून त्यांनीं त्या मुलीचें नांव विचारलें. तें मला ताबडतोब आठवलें नाहीं.