चित्र, शब्द आणि अर्थाचा अधिकार

बालसाहित्याने मुलाला शिकवावे की रमवावे, हा वाद आपल्याकडे जुना आहे. त्यामागचा मूळ प्रश्न मात्र अधिकाराचा आहे : अर्थ कोणी लावायचा? माधुरी पुरंदरे (जन्म १९५२) यांच्या कारकिर्दीत तो ठळकपणे उभा राहतो. जे. जे. कलाविद्यालयातील शिक्षण, 'पिकासो' हे चरित्र, पुढे 'राधाचं घर'सारखी स्वतः लिहून स्वतःच चितारलेली पुस्तके, २०१४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार. शब्द आणि चित्र एकाच हाती आले, की मुलावरची सत्ता दुहेरी होण्याचा धोका असतो. येथे मात्र चित्र शब्दाची री ओढत नाही. न सांगितलेले दाखवते आणि निष्कर्ष मुलावर सोपवते.

सोलापुरात घरी तेलुगू वा कन्नड बोलणारे मूल मराठी शाळेत येते, तेव्हा त्याला वाचता येणारी पहिली संहिता चित्रच असते. चित्र शब्दाची केवळ पुनरुक्ती करीत असेल, तर अर्थासाठी ते मूल शिक्षकाच्या तोंडाकडे पाहत राहते. चित्र स्वतः बोलत असेल, तर तेही वाचक होते. अर्थात, कोणाचे घर चितारायचे, ही निवड प्रौढाचीच राहते. म्हणून प्रौढाला हा अधिकार सोडून देता येत नाही. तो मुलाबरोबर वाटून मात्र घेता येतो, आणि घ्यायला हवा.