सर्किट वर लागत होतं तेव्हा संशय कुठे होता?

‘सर, ऑपरेटर मुद्दाम शेअरचा भाव पाडतायत,’ असं फोनवर सांगणाऱ्या माझ्या माजी विद्यार्थ्यांनो, आता जरा गप्प बसा आणि ऐका. चाकणला तुम्ही सेटर झालात, लाइन सांभाळता, काहींच्या हाताखाली ट्रेनी पोरं आहेत. तरीही आज मी तुम्हाला बाकावर उभं करतोय.

सोन्याच्या खाणीच्या त्या छोट्या कंपनीचा शेअर रोज पाच टक्क्यांनी चढून वरच्या सर्किटला, म्हणजे दिवसाच्या मर्यादेला, लागत होता, तेव्हा तुमच्यातल्या एकानेही भाव खेळवणाऱ्या ऑपरेटरचं नाव काढलं नाही. तेव्हा ती तुमची हुशारी होती. भाव उतरला आणि त्याच दिवशी तुम्हाला लबाडी दिसू लागली. अरे, लबाडी असलीच तर ती भाव चढतानाच जास्त असते. ऑपरेटरना माल तुमच्या गळ्यात मारायचा असतो आणि तो चढत्या भावातच मारता येतो. फर्स्ट शिफ्टच्या जेवणाच्या सुट्टीत ताट बाजूला सारून तुम्ही मोबाइलवर ‘अजून शंभर घे’ म्हणत होतात, तेव्हा समोरून विकत कोण होतं, हा प्रश्न एकालाही पडला नाही.

हे कसं चालतं ते शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने आदेशात लिहून ठेवलंय. मार्च 2023 मधला साधना ब्रॉडकास्टचा आदेश काढून वाचा. कंपनी टीव्हीच्या धंद्यातली, खाणीचा काही संबंध नाही, पण रीत ओळखीची वाटेल. यूट्यूबवर व्हिडिओ आले: मोठा उद्योगसमूह ही कंपनी घेणार, भाव कुठल्या कुठे जाणार. बातमी खोटी होती. छोटे भागधारक 2,167 वरून 55,343 वर गेले आणि त्याच गर्दीत प्रवर्तकांपैकी काहींनी आपले शेअर विकले. मे 2025 मध्ये अंतिम आदेश आला, 59 जणांवर बाजारात येण्याची बंदी घातली गेली, कमावलेले 58 कोटी परत करायला सांगितले. तुमच्या टेलिग्राम ग्रुपवरचा तो ‘सर’ सेबीकडे नोंदलेला आहे का, हे तुम्ही पाहिलंत? त्याला तुम्ही ‘सर’ म्हणता, याचं मला वाईट वाटतं.

दुसरी सबब तुम्ही परदेशातून आणली. मोठ्या बँका सोन्याचा भाव दाबून ठेवतात, एक दिवस बांध फुटेल आणि खाणीचे शेअर आभाळाला टेकतील म्हणे. यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते धोक्याचं आहे. सप्टेंबर 2020 मध्ये जेपी मॉर्गनने मौल्यवान धातूंच्या आणि अमेरिकी सरकारी रोख्यांच्या वायद्यांतल्या खोट्या ऑर्डरींपायी 92 कोटी डॉलर भरले. मोठी ऑर्डर लावायची, बाजार हलला की पुरी होण्याआधी काढून घ्यायची, आणि दुसऱ्या बाजूला आपला सौदा करून मोकळं व्हायचं. ही लबाडी कधी भाव खाली ओढायला केली, कधी वर रेटायला. तीही क्षणभराच्या फायद्यासाठी. वर्षानुवर्षं भाव दाबून ठेवल्याचा पुरावा त्यातून निघत नाही. आणि 2025 मध्ये तर दहा ग्रॅम सोन्याने लाख रुपयांचा आकडा ओलांडला! सोनं एवढं चढूनही तुमचा शेअर बसला, तर दोष बँकेत शोधायचा की खाणीत?

खाणीकडे तुम्ही बघितलंच नाही, माझा खरा राग त्यावर आहे. फर्स्ट पीस मायक्रोमीटरने तपासल्याशिवाय तुम्ही लॉट पुढे सोडत नाही. मायक्रोमीटरवरचा कॅलिब्रेशनचा स्टिकर जुना झाला असेल, तर तो हातातही धरत नाही. हे मी तुम्हाला शिकवलं. मग दोन लाख रुपये लावताना, त्या कंपनीच्या खडकात सोनं आहे असं मोजून सांगितलं कोणी, हे का नाही विचारलंत?

ब्रे-एक्स हे नाव पाठ करा. कॅनडातली छोटी कंपनी, खाण इंडोनेशियात बुसांगला. काही सेंटांचा शेअर चढत गेला आणि कंपनीची किंमत 600 कोटी कॅनेडियन डॉलरवर गेली. खडकात भोक पाडून जो दंडगोल नमुना काढतात तो एरवी उभा चिरतात. अर्धा प्रयोगशाळेत जातो, अर्धा पेटीत जपून ठेवतात, म्हणजे कुणालाही पुन्हा तपासता येतो. इथे अख्खा नमुना दळून टाकत होते. फेरतपासणीला काही शिल्लकच नाही! तुमच्या इन्स्पेक्शन विभागात असं कुणी केलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी बोंब मारली असती. मे 1997 मध्ये स्ट्रॅथकोना या तपास करणाऱ्या संस्थेने सांगितलं की सोनं नमुन्यात बाहेरून मिसळलेलं होतं. नदीच्या वाळूत सापडतात तसे ते घासून गोल झालेले कण होते. ओंटारियोतल्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाचेही पैसे त्यात गेले. जन्मभर खडू धरलेल्या माणसांचे पैसे.

आणि कुणी लबाडी केली नाही तरी खाण बुडते, हेही डोक्यात घ्या. कोलारची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली होती. सोनं काढायचा खर्च त्याच्या किमतीच्या वर गेला आणि 28 फेब्रुवारी 2001 ला ती बंद झाली. डेक्कन गोल्ड माइन्स ही मुंबई शेअर बाजारात नोंदलेली कंपनी. हावेरी जिल्ह्यात गणजूरला तिने सोनं शोधलं आणि खाणपट्ट्यासाठी वर्षानुवर्षं वाट पाहिली. 2015 मध्ये खाणी लिलावाने द्यायचं ठरलं, 2021 च्या दुरुस्तीने असे जुने प्रलंबित हक्कच संपवले. इथे कोणी भाव पाडला नव्हता, कायदा बदलला होता. उघड्या खाणीत टनभर दगडात दीड-दोन ग्रॅम सोनं असलं तरी धंदा होतो, पण दगड फोडायला क्रशर लागतो, वीज लागते, पाणी लागतं, परवाने लागतात. तोवर कमाई शून्य, म्हणून अशी कंपनी पुन्हा पुन्हा नवे शेअर काढते आणि तुमचा वाटा पातळ होत जातो.

तुमच्यातल्या एकाने मला मोबाइलवर खालचं सर्किट दाखवलं. विकणाऱ्यांच्या रकान्यात लाखाच्या वर शेअर, घेणाऱ्यांच्या रकान्यात शून्य. त्याने लावलेल्या रकमेत वेतन कराराच्या फरकाचे पैसे होते, पतसंस्थेचं कर्ज होतं, आणि पीएफमधून काढलेली उचलही होती. उचलीच्या अर्जात कारण काय लिहिलं होतंस रे? आईचं आजारपण. धडधाकट आईला कागदावर आजारी पाडलंस आणि मला सांगतोस की बाजारातली माणसं खोटी आहेत. ती खोटी असतीलही. तू काय केलंस?

रविवारी सगळ्यांनी माझ्याकडे यायचं. कंपनीचा वार्षिक अहवाल छापून आणायचा. प्रवर्तकांचा हिस्सा मागच्या चार तिमाहींत किती घटला, खाणपट्टा कुणाच्या नावावर आहे, टनाला किती ग्रॅम आणि ते कुठल्या प्रयोगशाळेने मोजलं, हे पेन्सिलने खूण करून आणायचं. ग्रुपवरचे मेसेज पुसायचे नाहीत, तारखांसकट जपायचे. संशय खरा निघाला तर सेबीकडे लेखी तक्रार करू, मजकूर मी बसून लिहून देईन. आणि ज्याने ‘भाव खाली आलाय, अजून घेऊ’ म्हणून पीएफचा दुसरा अर्ज भरलाय, त्याने उद्या पंचिंग करायच्या आधी मला फोन करायचा.