सेल्फ मारण्याआधी

गाडीत येऊन बसा. काच खाली घ्या. किल्ली हातात असू द्या, पण अजून फिरवू नका.

ही जुनी पद्मिनी आहे असं धरू. घरात तिला अजून फियाटच म्हणत असतील. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ साली ती फियाट अकराशे डिलाइट म्हणून बनू लागली. पद्मिनी हे नाव तिला पुढे सत्तरच्या दशकात लागलं. चार सिलिंडरचं १०८९ सीसीचं इंजिन, एक कार्बोरेटर, एक कॉइल, एक डिस्ट्रिब्युटर. बिघाडाचा आकडा दाखवणारा पडदा तिच्यात नाही. जे बिघडतं ते कानाला, नाकाला, बोटांना कळेल अशाच वाटेने बाहेर येतं. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी २०२३च्या ऑक्टोबरपर्यंत ही गाडी चालती ठेवली, कितीदा तरी रस्त्याच्या कडेला बोनेट उघडून, पाना आणि काचकागद एवढ्यावर. त्यांच्या मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं असे. तुमच्याकडे आज अख्खी सकाळ आहे.

काल रात्री गाडी चालत होती, आज सुरू होत नाही. आपल्याला खात्रीने माहीत आहे ते एवढंच. पण मन तेवढ्यावर थांबत नाही. ते लगेच म्हणतं, बॅटरी गेली. जिन्यातून उतरणारे शेजारी म्हणतात, प्लग बदलून बघा. ही नावं ऐकून घ्या आणि बाजूला ठेवा. ती चुकीची असतीलच असं नाही, पण ती फार लवकर आली आहेत. दोष काय आहे हे एकदा मनाने ठरवलं की कान तेवढंच ऐकू लागतात आणि गाडी बाकी जे सांगते ते वाया जातं.

आता गिअर न्यूट्रलला आहे ना, हँडब्रेक ओढलेला आहे ना, ते पाहा. हेडलाइट लावा. सेल्फ मारा, चार-पाच सेकंद. सोडा.

लगेच दुसऱ्यांदा मारू नका. जो आवाज आला तो मनात पुन्हा एकदा ऐका. एकच ‘टक’ झालं आणि गप्प? की टकटकटक अशी घाईची माळ? इंजिन जड पायांनी फिरलं, की नेहमीच्या जोरात फिरलं आणि तरी पेटलं नाही? समोरच्या भिंतीवरचा उजेड मंदावला, पार विझला, की तसाच राहिला? या प्रत्येकाचा रस्ता वेगळा आहे. ज्याने नीट ऐकलं त्याचं अर्धं काम बोनेट उघडायच्या आधी झालेलं असतं, असं मी मनापासून मानतो.

समजा, ‘टक’ झालं आणि उजेड विझत आला. बोनेट उघडा. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवी भुकटी दिसते आहे? ती लगेच पुसू नका. आधी मीटर लावा. स्वस्थ बसलेली, पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. तुमच्या मीटरवर १२.५ आलं. म्हणजे बॅटरीत ताकद आहे. मग मीटरची एक तार बॅटरीच्या शिशाच्या खुंटाला टेकवा, दुसरी त्याच खुंटावर आवळलेल्या क्लॅम्पला, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. खुंट आणि क्लॅम्प एकमेकांना चिकटलेले आहेत. त्यांच्यात फरक जवळजवळ शून्यच यायला हवा. तिथे एखादा व्होल्ट दिसला तर बॅटरीचा जोर त्या भुकटीच्या पातळ थरातच खर्च होतो आहे.

इथे थोडा वेळ थांबा. बॅटरी भरलेली आहे, सेल्फ धडधाकट आहे, आणि तरी गाडी मेल्यासारखी उभी आहे. दोन चांगल्या वस्तूंच्या मधे डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा थर आहे. नवी बॅटरी आणली असती तर क्लॅम्प खरवडून बसवले गेले असते, गाडी सुरू झाली असती, आणि जुनी बॅटरी वाईट होती असं घरात कायमचं ठरलं असतं. दुरुस्ती खरी आणि निदान खोटं, असं कितीदा तरी होतं. गाडी चालू झाल्याच्या आनंदात ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

साफ करताना आधी निगेटिव्ह केबल काढा. उलटं केलं आणि पाना चुकून बॉडीला लागला तर ठिणगी उडते, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. भुकटीत आम्ल असतं. डोळे आणि हात सांभाळा. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून धुवा, कोरडं करा, आवळा, वरून व्हॅसलिन लावा. इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टीही पाहा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून त्याला करंटच्या परतीची वाट ही पट्टीच देते.

आता दुसरी सकाळ मनात आणा. सेल्फ जोरात फिरतो, इंजिन पेटत नाही. पेट्रोल, योग्य वेळेची ठिणगी, सिलिंडरमधला दाब: या तिन्हींपैकी काहीतरी कमी आहे. अंदाज करू नका, एक प्लग काढा. तळहातावर घ्या. पेट्रोलने ओला आहे? मग पेट्रोल पोचलं आहे, ठिणगीकडे वळा. कोरडा ठणठणीत आहे? मग पंपाकडे, कार्बोरेटरकडे जा. आणि हातात आहेच तर त्याचा रंगही वाचा. फिकट तपकिरी असेल तर इंजिन आतून सुखात आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातं आहे, कदाचित चोक पूर्ण परतत नसेल. तेलकट काळा असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या बाजूने ऑइल आत येतं आहे. गेले कित्येक महिने इंजिनाने काय खाल्लं, ते या लहानशा तुकड्यावर उमटलेलं असतं.

ठिणगी पाहायची तर वायरला दुसरा कोरडा प्लग लावा. प्लगच्या भोकापासून आणि पेट्रोलपासून लांब, तो इंजिनच्या धातूला टेकवून इन्सुलेटेड पकडीने धरा. ठिणगी मरतुकडी, पिवळी, थांबत थांबत येते आहे? डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडा. आत पॉइंट आहेत, एकमेकांना टेकणारे दोन छोटे तुकडे. ते उघडतात तेव्हा कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि त्या तुटण्यातूनच प्लगसाठी हजारो व्होल्ट तयार होतात. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर हे पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतात. आज सकाळपर्यंत ते मुकाट्याने चाललं होतं, म्हणून कधी आठवलं नाही. आता पाहा. पृष्ठभाग जळून काळानिळा झाला असेल तर नुसते पॉइंट घासून भागणार नाही. शेजारच्या कंडेन्सरवर संशय घ्या, कारण पॉइंटवर ठिणगी उडू न देणं हे त्याचं काम. फटही मोजा. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडी कमी असते. नजरेवर विसंबू नका, फीलर गेज घ्या.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. याचा आग्रह मी सोडणार नाही. प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल एकदम बदलून गाडी सुरू झाली तर काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही, आणि तीन चांगल्या वस्तू भंगारात जातात. पद्मिनीचं उत्पादन थांबून वीस वर्षं उलटून गेली. आज तिचा मूळचा चांगला सुटा भाग फेकणं म्हणजे पुढच्या माणसाच्या वाटणीचं फेकणं आहे.

काही दोष हात लावू देत नाहीत, फक्त वेळ मागतात. मे महिन्यात घाट चढताना गाडी आचके देते आणि बंद पडते. इंजिनलगतचा पंप इतका तापलेला असतो की पेट्रोलची आतच वाफ होते आणि पंप ती वाफच ढकलत राहतो. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकून सावलीत बसत. ती दुरुस्तीच होती. पंप निवला की पेट्रोल पुन्हा पेट्रोल होतं. तापलेल्या रेडिएटरचं झाकणही असंच: हात लावता येईल एवढा तो निवेपर्यंत थांबायचं. आतलं पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं. झाकण सैल झालं की एकदम उकळून अंगावर येतं.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. स्टँड लावा, नाहीतर काम राहू द्या. ब्रेकचं पेडल मऊ लागत असेल तर गाडी हलवू नका आणि जाणत्या मेकॅनिकला घरी बोलवा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट-३ ताजं असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओल शिरली की ती मर्यादा १४० पर्यंत उतरू शकते. हे पेडलवर पाय ठेवून कळत नाही, उतारावर कळतं.

हात पुसा. डिकीत एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काय ऐकलं, काय मोजलं, काय बदललं आणि काय तसंच ठेवलं, ते तिच्यात लिहा. गाडी सुरू झाली पण कारण सापडलं नाही, असंही होईल. त्या दिवशी ‘कारण सापडलं नाही’ असं स्पष्ट लिहा आणि रकाना मोकळा सोडा.