समुद्राला कसला आलाय सूड

फ्लॉरिडात कुणी समुद्रात डुंबायला उतरलं, पायावरच्या जखमेतून जंतू शिरले आणि दोन दिवसांत माणूस गेला, अशी बातमी दर उन्हाळ्यात येते. ती आली की आमचे एक पर्यावरणवादी स्नेही लेखणी सरसावतात : समुद्र सूड उगवतो आहे! वाक्याला टाळ्या पडतात. पण सूड घेणाऱ्याला निदान शत्रू तरी ओळखता यायला हवा. व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जंतू नदी समुद्राला मिळते तिथल्या कोमट, मचूळ पाण्यात आपण असलो-नसलो तरी राहतो. तो सांडपाण्यातून येत नाही, त्यामुळे किनारा झाडून जातही नाही. पाणी वीस अंशांच्या वर तापलं की तो फोफावतो. कालवं पाणी गाळून जगतात, म्हणून त्यांच्यात साठतो. अमेरिकेत दरवर्षी दीड-दोनशे जणांना त्याची लागण झाल्याची नोंद होते. पाचातला एक दगावतो.

उरलेले चार का वाचतात? इथे मला माक्स फॉन पेटेनकोफर आठवतो. विज्ञानाच्या इतिहासात त्याला विदूषकाची जागा मिळाली आहे. रॉबर्ट कॉखने १८८४ साली कलकत्त्यात कॉलऱ्याचा जंतू पक्का केला, तरी म्युनिकचा हा म्हातारा ऐकेना. १८९२मध्ये हॅम्बुर्गात कॉलऱ्याने आठ हजारांवर माणसं नेली. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला त्याने कॉलऱ्याचे जिवंत जंतू साक्षीदारांसमोर पिऊन दाखवले. जठरातल्या आम्लाने वाचला असं कुणी म्हणू नये म्हणून आधी सोडाही घेतला. काही दिवस जुलाब झाले, एवढंच. पाठ्यपुस्तकं इथे हसतात आणि पान उलटतात. पण जंतू नाहीच, असं तो म्हणत नव्हता. नुसत्या जंतूने भागत नाही, जागा लागते आणि माणसाचा देहही तसा असावा लागतो, असं त्याचं म्हणणं. ही जागा म्हणजे जमिनीतली ओल, याबद्दल तो चुकला, हट्टाने चुकला. मात्र याच हट्टापायी त्याने म्युनिकमध्ये गटारांचा आणि शुद्ध पाण्याचा पाठपुरावा केला. बरोबर असलेल्या किती पंडितांनी शहराला एवढं दिलं?

व्हल्निफिकसपुरता तर म्हातारा बराचसा खरा ठरतो. या जंतूला लोह हवं असतं. धडधाकट यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडून रक्तातलं लोह दडवतं. सिरॉसिसने यकृत गेलं की कोठाराचं कुलूपच निघतं. म्हणून कच्च्या कालवांतून मरणारे बहुतेक यकृताचे रोगी, मधुमेही किंवा अंगात लोह साठलेले असतात.

आणि नेमका इथेच पेटेनकोफर नको त्या हातांत पडतो. मेक्सिकोच्या आखातातली कच्ची कालवं उन्हाळ्यात विकण्यावर कॅलिफोर्नियाने २००३ साली बंदी घातली. सौम्य उष्णता, दाब किंवा गोठवण यांनी जंतू मारले असतील तरच एप्रिल ते ऑक्टोबरमधली कालवं विकायची. आधीच्या दशकात, १९९१ ते २००१ या काळात, त्या राज्यात अशा कालवांनी चाळीस माणसं गेली होती; बंदीनंतर मृत्यू जवळपास थांबले. २००९मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हाच नियम देशभर करायचं ठरवलं. लुईझियानातून गिलका झाला : मरतात ते दारुडे, त्यांना सावध करा, बाकीच्यांच्या ताटातलं का काढता? काही आठवड्यांत प्रशासनाने शेपूट घातलं. देहाचा दोष एकदा सापडला की नियम करायची गरजच उरत नाही, हा युक्तिवाद मला सुडाच्या कवितेहून जास्त घातक वाटतो. कविता निदान कुणाचा धंदा वाचवत नाही.

इथवर स्नेह्यांवर मात झाली असती. पण कालवं हा अर्धाच मामला. जखमेतून होणाऱ्या लागणीत निवड कुठे असते? सप्टेंबर २०२२मध्ये इयान वादळाने फ्लॉरिडात खारं पाणी घराघरांत घुसवलं. त्या वर्षी राज्यात ७४ रुग्ण नोंदले गेले, त्यांतले १७ मेले. आदल्या वर्षी रुग्ण ३४ होते. चिखलातून आपलं सामान उपसणाऱ्या माणसाला 'पाण्यात उतरू नका' हा फलक काय उपयोगाचा? अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर १९८८ ते २०१८ या काळात जखमेच्या लागणी वर्षाला दहावरून ऐंशीवर गेल्या आणि त्यांची उत्तर सीमा दरसाल सुमारे ४८ किलोमीटर वर सरकली. हे तापत्या पाण्याचं काम आहे, आणि इतकं मी स्नेह्यांना बिनशर्त देतो. फक्त पाणी कुणी तापवलं, तेही त्यांनी लिहावं. सूड म्हटलं की आरोपी म्हणून समुद्रच उभा राहतो.

कोकणात कालवं शिजवून खातात, तेव्हा ताटातली भीती आपल्याला कमी. पण खडकावरून ती फोडणाऱ्या बायांचे हात-पाय शिंपल्यांनी कापतातच, आणि मधुमेह आता खेड्यांतही आहे. २०२३च्या आयसीएमआर पाहणीनुसार देशात दहा कोटींवर मधुमेही आहेत. पाय सुजून, काळेनिळे फोड येऊन रुग्ण आला, तर डॉक्टरने पहिल्याच मिनिटाला विचारावं : खाडीत उतरला होतात का? हो म्हटलं, तर तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन आणि सेफ्ट्रियाक्झोन सुरू करावं, शल्यचिकित्सकाला बोलवावं. यात तासांचा हिशोब असतो.